कैलासी चाची अस्सी ओलांडते

आमच्या खानावळीत जेवायला बसलेला प्रवासी दुसऱ्या पोळीला हमखास विचारतो, "काका, तुम्ही मिरजेकडचे ना? मग बनारसमध्ये कसे?" मी म्हणतो, आधी जेव बाबा, भात निवतोय. पण आज तुम्ही चौघंच आहात आणि पाऊसही नाही की थंडी नाही, तेव्हा सांगतो. मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. मला राग येतो.

मी इथे आलो तो यात्रा कंपनीचा आचारी म्हणून. सव्वीस वर्षांचा होतो. मिरजेहून बस निघाली, चाळीस म्हातारी माणसं, एक मॅनेजर, एक ड्रायव्हर आणि मी. काशीला जा नाहीतर कैलासाला जा, आपल्या माणसाला दुपारी पिठलं-भाकरी लागतेच. धर्मशाळेत चूल मांडायला परवानगी नव्हती, म्हणून मॅनेजरने बंगाली टोला नावाच्या मोहल्ल्यात, मागच्या गल्लीत एका घराचं अंगण भाड्याने घेतलं. हेच घर. मालकीण कैलासी मिसराइन. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची, दूधवाल्यापासून कोतवालीच्या शिपायापर्यंत.

पहिल्याच सकाळी मी अंगणात पाच किलो कांदा चिरायला घेतला. वरच्या मजल्यावरून एक किंकाळी आली. मला वाटलं कुणी पडलं. बघतो तर पांढऱ्या साडीतली, माझ्या खांद्याइतकी उंच बाई जिन्यावर उभी.

"कांदा! माझ्या अंगणात कांदा! महाराज, तू ब्राह्मणाच्या घरात उभा आहेस की बाजारात?"

आमच्याकडे महाराज म्हणजे मोठा माणूस. इकडे महाराज म्हणजे स्वयंपाकी. मी आपला सुखावलो आणि म्हणालो, "आई, चाळीस माणसांचं पिठलं आहे, कांद्याशिवाय कसं व्हायचं?"

"मग गल्लीत जाऊन चीर, आणि डोळे पुसून आत ये!"

मी गल्लीत बसून कांदा चिरला. एक गाय येऊन सालं खाऊन गेली. चाचीने अंगणात गंगाजल शिंपडलं, ते मुद्दाम माझ्याही अंगावर आलं. पण दोन दिवसांनी एकादशी होती. मी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली आणि एक वाटी वर पाठवली. वाटी रिकामी खाली आली, तिच्या मागोमाग ती आली. "हे उपासाला चालतं? खरंच चालतं? मग आणखी दे."

वरच्या मजल्यावर तिचे तीन भाडेकरू होते. चार दिवसांसाठी येणारे आणि चार वर्षं राहणारे, असेच सगळे. त्यातली एक हंगेरीची इल्दिको. पखवाज शिकायला आली होती. सकाळ-दुपार हात बडवायची आणि चाचीशी अस्सल बनारसी शिव्यांत भांडायची. चाची तिला म्हणायची, "सात समुद्र ओलांडून आलीस आणि ताक घुसळता येत नाही तुला."

स्वतः चाची मात्र तेवीस वर्षांत या गावाबाहेर गेली नव्हती. तिचे यजमान मिसिरजी रेल्वेत गार्ड होते. एकदा गाडी घेऊन परत येत होते. मुगलसराय सुटलं, गंगेच्या पुलाआधी गाडी सिग्नलला थांबली आणि तिथेच त्यांच्या छातीत कळ आली. पुलाच्या पलीकडे गेले बिचारे. समोर काशी दिसत होती. जन्मभर काशीत राहिलेला माणूस, आणि मरण आलं पैलतीरावर! तेराव्यानंतर चाचीने घाटावर ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला: इकडे वरुणा नदी, तिकडे अस्सीचा नाला, समोर गंगा, यांच्या बाहेर मरेपर्यंत पाऊल टाकणार नाही. मरण आलं तर इथेच येऊ दे.

आणि पाळला हो तिने! तिची एकुलती एक मुलगी मनोरमा मिर्झापूरला दिली होती. नातवाचं बारसं झालं, ही गेली नाही. त्याआधी मनोरमा बाळंतपणात मरता मरता वाचली, तेव्हाही ही गेली नाही. जावयाने टॅक्सी पाठवली होती, दारातून परत केली. "वाटेतच मरण आलं तर?" एवढंच म्हणाली. मनोरमाने त्यानंतर दोन वर्षं आईला पत्र पाठवलं नाही.

हे सगळं मला इल्दिकोने सांगितलं. मी म्हटलं, असतात लोक असे. मला काय करायचंय?

माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं. मी ओवा चावला, हिंग लावला, वर्तमानपत्र पोटाला बांधलं. सहाव्या दिवशी बस प्रयागला निघायची होती आणि मला उभं राहवेना. मॅनेजर म्हणाला, "गॅस असेल. दोन दिवस पड, मग गाडी पकडून अयोध्येत गाठ आम्हाला." चाळीस म्हातारी बसमधून हात हलवत गेली. त्यातल्या एका आजीने माझ्या हातात लिमलेटची गोळी दिली. मी चाचीच्या ओसरीवर, तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर.

गुरुवारी दुपारी मी ताप आणि कळांनी लोळायला लागलो. इल्दिकोने मला अक्षरशः खांद्यावर टाकून सायकलरिक्षात घातलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. ते इस्पितळ अस्सी नाल्याच्या पलीकडे, लंका नावाची वस्ती आहे तिच्याही पुढे. डॉक्टरांनी पोट दाबलं आणि चेहराच बदलला त्यांचा. आतडं फुटलंय, पू झालाय, आत्ताच्या आत्ता कापायला हवं. पण सही कोण करणार? माझी आई मिरजेजवळच्या खेड्यात, तार पोचायलाच दोन दिवस. इल्दिको म्हणाली, मी करते. कारकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही परदेशी. उद्या हा गेला तर आम्ही कुणाला विचारायचं? घरचं माणूस आणा. आणि नंतर रोग्याजवळ बसायलाही कुणीतरी हवं."

पुढचं मला इल्दिकोने नंतर सांगितलं. ती धापा टाकत घरी आली तेव्हा चाची गच्चीवर वड्या घालत होती. इल्दिको म्हणाली, "चाची, सही हवी, नाहीतर तो संध्याकाळ बघत नाही." चाचीने पिठाचे हात धुतले. पदर खोचला. खाली आली, दाराशी आली आणि उंबऱ्यात थांबली. थांबली ती थांबलीच. गल्लीतले पाठकजी, तिचे पुरोहित, समोरच्या ओट्यावर पान लावत होते. त्यांना सगळा प्रकार कळला.

ते तिला भौजी म्हणायचे, म्हणजे वहिनी. म्हणाले, "भौजी, जा तुम्ही. पंचक्रोशीच्या हिशेबाने इस्पितळही काशीतच येतं. शास्त्रात आधार आहे."

"माझ्या सोयीसाठी आता शास्त्र वाढवू नका, पाठकजी. पाणी सोडताना मी अस्सी म्हटलं होतं. तुम्हीच म्हणवून घेतलं होतंत."

"मग नका जाऊ."

"आणि तो मेला तर? माझ्या ओसरीवरून उठून गेलाय तो."

"मग काय करता?"

"काय करते म्हणजे? मोडते!" असं म्हणून ती रिक्षात बसली. इल्दिको सांगते, अस्सीचा पूल येईपर्यंत चाचीने तिचा दंड असा धरला होता की चार दिवस बोटं उमटलेली होती. पुलावर चाचीने डोळे मिटले आणि एवढंच पुटपुटली, "गंगाआई, मरण थोडं थांबव. मी आलेच."

इस्पितळातला कारकून कागद पुढे करून म्हणाला, "रोग्याची कोण?"

"चाची."

"सख्खी?"

"मग काय भाड्याची?"

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "रोगी भीमराव खटके. तुम्ही कैलासी मिसिर. चुलती कशी?"

"आमच्यात चालतं. लिही तू."

सही केली तिने, कैलासी, तीन मोठी वेडीवाकडी अक्षरं. मला कापलं, धुतलं, शिवलं. शुद्धीवर आलो तर उशाशी तीच बसलेली, हातात जपमाळ, आणि शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोला परवलाच्या भाजीचा रस्सा कसा पातळ करायचा ते सांगत होती.

"मेला नाहीस ना? बरं झालं. तुझ्यासाठी किती मोठी वस्तू घालवलीय मी, ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. मला रडूच आलं. रडलो की टाके ओढायचे, आणि टाके ओढले की आणखी रडू यायचं. ती म्हणाली, "गप. पुरुषासारखा पुरुष, कांदा चिरल्यासारखा रडतोस."

पाठकजींनी सांगितलं होतं, संकल्प एकदा मोडला की मागची तेवीस वर्षं धरायची नाहीत. प्रायश्चित्त घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. चाची म्हणाली, आता नवा सोडला तर उद्या पुन्हा मोडावा लागेल, पोराला जेवण कोण नेणार? तेव्हा राहू दे मोडलेलाच, तो बरा होईपर्यंत. म्हणजे बघा, रोज दोनदा चाची अस्सीची हद्द ओलांडत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, छाती तिचीही धड नव्हती. इस्पितळात असली की सारखी खिडकीतून ऊन बघायची. मी म्हणायचो, "चाची, जा आता, जा लवकर." ती म्हणायची, "आधी हे डाळीचं पाणी संपव, मग जाते. सावकाश पी!" मी घाईघाईने पीत असे आणि ती माझ्यावर ओरडत असे. ज्याने त्याने आपापल्या परीने घाई करायची, असं चाललं होतं दहा दिवस.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मनोरमा आली. तिला कुणीतरी मिर्झापूरला बातमी दिली होती. वॉर्डच्या दारातच उभी राहिली, हातात मुलाच्या दुधाची बाटली तशीच, मूल कुणाकडे तरी ठेवून आलेली. मोठमोठ्याने बोलायला लागली. "अम्मा, मी मरत होते तेव्हा तुला काशी सोडवली नाही. तुझा नातू तुला अजून ओळखत नाही. आणि या आचाऱ्यासाठी? कोण लागतो हा तुझा? पिठलं केलं होतं ना अंगणात, एवढंच ना?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. मला वाटलं पांघरूण डोक्यावर घ्यावं.

चाचीने जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझ्याजवळ तेव्हा सासू होती, नवरा होता, नणंदा होत्या. मी हिशेब केला, की माझ्यावाचून अडणार नाही. चुकले असेन, बेटा. पण याच्याजवळ कुणी नव्हतं गं. मला पळवाटच नव्हती."

मनोरमा रडायला लागली. चाची तिला जवळ घ्यायला उठली, दोन पावलं गेली आणि खाली बसली. छातीवर हात. चेहरा राखेसारखा पांढरा.

नर्स धावली, म्हणाली, इथेच दाखल करू, लगेच खाट देते. आता तुम्हीच सांगा, इस्पितळात झटका आला तर याहून चांगली जागा कुठली? मनोरमाही तेच म्हणत होती. पण चाची त्या सगळ्या गोंधळात माझ्याकडेच बघत होती. तोंडातून आवाज फुटत नव्हता, फक्त ओठ हलत होते. पूल. पूल.

मी खाटेवरून उतरलो. कसा उतरलो ते विचारू नका. नर्स ओरडली, डॉक्टर कुठूनतरी ओरडले. मी मनोरमाला म्हटलं, "ताई, माझ्यासाठी तिने सगळं सोडलंय. ती इथे गेली तर मी जगून काय करू? धरा त्या बाजूने." मनोरमाने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि आईला धरलं. आम्ही तिला रिक्षात मध्ये बसवली, दोघं दोन बाजूंना. एका हाताने मी तिला धरलं होतं, दुसऱ्याने माझं पोट.

आणि लंकेच्या चौकात काय, तर मिरवणूक! विद्यार्थ्यांची निवडणूक. ढोल, गुलाल, कुणाला तरी खांद्यावर घेऊन नाचतायत. रिक्षावाला म्हणाला, "गुरु, आता अर्धा तास हलत नाही." मी त्याला जीव तोडून शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, पण त्याला कळल्या. त्याने उतरून लोकांना ढकलायला सुरुवात केली, पण गर्दी पुढे सरकेना आणि मागेही सरकेना.

चाचीचे डोळे मिटलेले. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ओलांडला का?"

मी मनोरमाकडे पाहिलं, मनोरमाने माझ्याकडे.

"ओलांडला चाची," मी म्हटलं. "आत्ताच ओलांडला. काशीत आहेस तू."

तिने मोठा श्वास सोडला. हात सैल पडला माझ्या हातातून. मान मनोरमाच्या खांद्यावर कलंडली आणि चेहऱ्यावर समाधान आलं. देवा, हिला मी फसवून पाठवतोय, आणि तीही पुलाच्या अलीकडे, नवऱ्यासारखीच! मनोरमाने हंबरडा फोडला. मी चाचीच्या कानात रामनाम घ्यायला लागलो.

तेवढ्यात कुणीतरी मूठभर गुलाल उधळला, तो चाचीच्या नाकात गेला. ती शिंकली. एक डोळा उघडला. समोर फलक, त्यावर मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि खाली लिहिलेलं, लंका, वाराणसी. तिने तो वाचला. सावकाश वाचला, तिला तसंच वाचता यायचं. मग माझ्या कानाखाली असा आवाज काढला की नाचणारी पोरं थांबली.

"नालायका! लंकेत मारतोस मला? रावणाच्या गावात? दहा दिवस तुला डाळीचं पाणी पाजलं ते यासाठी?"

"चाची, मी..."

"मी आपली निवांत जायला निघाले होते! चांगली निघाले होते! आता नाही मरत मी. पूल येईपर्यंत अजिबात मरत नाही. अरे ए, ढोलवाल्या, बाजूला हो, नाहीतर तुझ्या पुढाऱ्याला मत मिळणार नाही!"

मिरवणूक दुभंगली. खरं सांगतो, तिच्या आवाजाने दुभंगली. पोरांनीच रिक्षा ढकलली थेट पुलापर्यंत. पुलावर तिने स्वतः मान वळवून खाली काळं पाणी पाहिलं, नाल्याला हात जोडले आणि मला म्हणाली, "आता खरं आहे." रागाने बाई जगली. वैद्यांनी नंतर कितीही काय काय सांगितलं तरी माझं मत हेच आहे.

संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरांनी सुई दिली, पंधरा दिवस खाटेवरून उठायचं नाही म्हणाले. सोमवारी सकाळी पाठकजी पंचांग घेऊन आले. मनोरमा पायाशी बसली होती, इल्दिको दाराशी, मी ओसरीवर आडवा.

पाठकजी म्हणाले, "भौजी, जिवावरचं टळलं. आता उशीर नको. आजचा दिवस चांगला आहे, खाटेवर बसूनच पाणी सोडा. परत एकदा अस्सी म्हणा आणि निश्चिंत व्हा."

मी म्हटलं, "हो चाची, आजच. आत्ताच."

तिने मला विचारलं, "तुझे टाके कधी काढायचेत?"

"उद्या, मंगळवारी. पण मी जाईन एकटा, रिक्षाने..."

"मी जाते त्याच्याबरोबर, अम्मा," मनोरमा म्हणाली.

"तू ये की. पण सही माझी आहे. माणूस मी आत घातलाय, बाहेरही मीच काढणार." मग पाठकजींना म्हणाली, "बुधवारचा दिवस कसा आहे?"

पाठकजींनी पंचांग मिटलं. "बुधवार फारसा बरा नाही, भौजी."

"असू दे. बुधवारी सोडते पाणी."

काल जी बाई त्या बाजूला मरता मरता राहिली, ती परवापर्यंत पुन्हा उघड्यावर राहायला तयार, माझ्या सात टाक्यांसाठी! मी भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडलो. या वेळी तिने गप म्हटलं नाही.

मंगळवारी आम्ही तिघं एका रिक्षात निघालो. मी अख्खा वेळ देवाला एकच मागत होतो, आजचा दिवस हिला सांभाळ, एवढा एकच दिवस. सांभाळलं त्याने. बुधवारी सकाळी तिने पाणी सोडलं, आणि त्यानंतर नऊ वर्षं जगली. मनोरमा दर महिन्याला मुलाला घेऊन यायला लागली. मी मिरजेला जाऊन आईला भेटून आलो आणि परत इथेच चूल मांडली, कांदा मात्र गल्लीतच चिरत राहिलो. चाची गेली ती याच घरात, आतल्या खोलीत, माघातल्या एका दुपारी, लेकीच्या मांडीवर. तेव्हा तिने कुणाला काही विचारलं नाही. तिला ठाऊक होतं ती कुठे आहे.

जिवंतपणी मी तिला एकदाही धड सांगू शकलो नाही की चाची, तुझे उपकार आहेत. सांगायला लागलो की ती म्हणायची, "भात बघ, लागेल." म्हणून आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी जगलो तो तिच्यामुळे.